मंडळ असो नाहीतर मंडळी, अंगावर जबाबदारी पडली की बायबलमधलं हे करून बघा

कोल्हापुरात माणूस चाळिशीला टेकला की कशाचा ना कशाचा तरी अध्यक्ष, सेक्रेटरी नाहीतर खजिनदार होतोच, त्याची इच्छा असो नसो. तालीम आहे, तरुण मंडळ आहे, अपार्टमेंटची सोसायटी आहे, बचत गट आहे, आणि आम्हा ख्रिस्ती लोकांच्यात चर्चची कमिटी आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, म्हणजे इथं दीडशेहून जास्त वर्षं रविवारी उपदेश चाललेत, आणि त्यात पुढाऱ्यानं कसं असावं हा विषय आला की नम्र असावं, प्रेमळ असावं, सेवाभावी असावं एवढं सांगून होतं. ते बरोबरच आहे, पण सोमवारी सकाळी हॉलचा स्लॅब गळतोय, खात्यात पैसे नाहीत आणि दोन मेंबर एकमेकांशी बोलत नाहीत, तेव्हा नम्र म्हणजे नेमकं काय करू हे कोण सांगणार?

बायबलमध्ये ते सांगितलंय. लई बारीक सांगितलंय, फक्त ती पानं आपण भराभर उलटतो कारण त्यात नावांच्या याद्या आहेत, हिशोब आहेत. मी सगळ्यात जास्त नहेम्याच्या पुस्तकावर जोर देणार आहे आणि मधे मधे दुसरीकडचं घेणार आहे. तुम्ही ख्रिस्ती नसला तरी चालेल, पद्धत कामाची आहे. समजायला सोपं जावं म्हणून धरून चाला की तुमच्या गल्लीतला जुना हॉल दुरुस्त करायचाय आणि लोकांनी तुम्हाला पुढं केलंय.

पहिलं काम: आकडा तयार ठेवा

नहेम्या हा ज्यू माणूस, इराणच्या राजाचा, अर्तहशश्ताचा, प्यालेबरदार. शूशनच्या राजवाड्यात चांगली नोकरी. किसलेव महिन्यात त्याचा भाऊ हनानी येऊन सांगतो की यरुशलेमची, म्हणजे आपल्या पूर्वजांच्या जेरुसलेम शहराची, भिंत पडलीय, वेशी जळाल्यात, लोक हालात आहेत. हा रडतो, उपास करतो, प्रार्थना करतो. आणि राजासमोर विषय निघतो तो नीसान महिन्यात, म्हणजे मधे चारेक महिने गेलेत. हे चार महिने फक्त रडण्यात गेले नाहीत हे कळतं कशावरून, तर राजानं विचारलं किती दिवस लागतील तेव्हा त्यानं लगेच मुदत सांगितली, आणि वरून मागण्या पण तयार होत्या, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं पाहिजेत, राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ याला पत्र पाहिजे म्हणजे वेशींना लाकूड मिळेल. कुणाकडून काय घ्यायचं हे माणसाच्या नावासकट ठरलेलं होतं.

तर तुम्ही पण हेच करा. नगरसेवकाकडं, बिशपसाहेबांकडं नाहीतर एखाद्या कारखानदाराकडं मदत मागायला जायच्या आधी एका कागदावर चार गोष्टी लिहा: काम नेमकं काय, दिवस किती, खर्च किती आणि समोरच्या माणसाकडून नेमकं काय पाहिजे. पैसेच पाहिजेत असं काही नाही, एखाद्याची सही पाहिजे असते, एखाद्याचा ट्रॅक्टर पाहिजे असतो. "साहेब काहीतरी बघा की" असं म्हटलं की साहेब पण "बघू की" म्हणतात आणि विषय संपतो. लूकच्या चौदाव्या अध्यायात येशूनं पण हेच सांगितलंय, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, नाहीतर पाया घालून काम अडेल आणि लोक हसतील.

भाषणाच्या आधी एक फेरी मारा

यरुशलेमला पोचल्यावर नहेम्या तीन दिवस गप्प. मग रात्री उठतो, थोडी माणसं बरोबर, जनावर एकच, स्वतःच्या बसण्याचं. खोऱ्याच्या वेशीतनं बाहेर पडून पडलेली भिंत बघत बघत जातो, एका ठिकाणी तर ढिगाऱ्यातनं जनावराला पुढं जायला वाट नाही. अधिकाऱ्यांना पत्ता नाही हा कुठं गेला. हे सगळं झाल्यावर मग तो लोकांना बोलावून म्हणतो चला, भिंत बांधू.

आपल्याकडं उलटं चालतं. निवड झाली की दुसऱ्या दिवशी हार, मग स्टेटस, मग भाषण, आणि गच्चीवर चढून गळती कुठून होतीय हे बघायला महिन्यानं वेळ मिळतो. पहिल्या आठवड्यात काहीच जाहीर करू नका. एखाद्या गवंड्याला घेऊन हॉल बघा, शक्यतो पाऊस चालू असताना. वायरिंग बघा, मीटर कुणाच्या नावावर आहे बघा, घरफाळा थकलाय का बघा, मागच्या पाच वर्षांचं प्रोसिडिंग बुक वाचा कारण त्यात हाच ठराव आधी दोनदा झालेला सापडतो. आणि जुन्या खजिनदाराला एकट्याला भेटा, चारचौघात नाही, चारचौघात तो बचावाला उतरतो आणि एकटा असला की सगळं सांगतो.

कामाची वाटणी, इथं जरा थांबूया

नहेम्याचा तिसरा अध्याय म्हणजे नुसती नावं. याच्या शेजारी त्यानं बांधलं, त्याच्या शेजारी ह्यानं. रविवारी वाचायला दिला तर वाचणारा अर्ध्यात घाम पुसतो. पण सगळ्या बायबलमध्ये मॅनेजमेंटचं एवढं चांगलं पान दुसरं नसेल असं माझं मत आहे, कारण त्यात वाटणी कशी केली हे दिसतं.

एक तर मुख्य याजक एल्याशीब स्वतः सुरुवात करतो, मेंढरांच्या वेशीपासनं. मोठ्या माणसानं नारळ फोडून जायचं हा प्रकार नाही, त्याच्या वाट्याला पण तुकडा आहे. दुसरं, सोनार भिंत बांधतायत, अत्तरवाले भिंत बांधतायत, व्यापारी बांधतायत. म्हणजे आपल्या गुजरीतले सराफ पाटी घेऊन उभे आहेत असं चित्र डोळ्यापुढं आणा. शल्लूम नावाचा एक अधिकारी त्याच्या मुलींना घेऊन काम करतोय, म्हणजे बायका हळदीकुंकवापुरत्या नाहीत. तिसरं आणि सगळ्यात हुशारीचं, बऱ्याच जणांना त्यांच्या स्वतःच्या घरासमोरचाच तुकडा दिलाय. घरासमोरची भिंत कुणी कच्ची बांधेल का? आणि कामावर जायला यायला वेळ पण जात नाही.

आता हे गल्लीत कसं करायचं. आधी कामाचे छोटे तुकडे पाडा, एवढे छोटे की एक माणूस नाहीतर एक घर ते दोन-तीन रविवारी संपवू शकेल. "हॉलची दुरुस्ती" असं काम कुणाला देऊ नका, "पूर्वेकडच्या तीन खिडक्या, तावदानं आणि रंग" असं द्या. मग ज्याला ज्या गोष्टीचा त्रास आहे ते त्याला द्या. हॉलचं सांडपाणी ज्यांच्या दारात तुंबतं त्यांना ड्रेनेजवर बसवा, ते पाठपुरावा सोडणार नाहीत. ज्यांची पोरं हॉलमध्ये अभ्यासाला बसतात त्यांना लाइट-पंखे द्या. आणि प्रत्येक तुकड्यापुढं एकच नाव लिहा, दोन नाही, दोन नावं असली की दोघंही दुसऱ्याची वाट बघतात. ही यादी हॉलच्या दारावर लावा.

त्या अध्यायात अजून एक ओळ आहे. तकोवच्या लोकांनी काम केलं, पण त्यांच्यातल्या बड्या लोकांनी मान वाकवली नाही. बस, एवढंच. त्यांच्यावर नहेम्यानं भाषण ठोकलं नाही, मीटिंग घेतली नाही, नोंद करून पुढच्या नावावर गेला. आणि त्याच गावच्या साध्या लोकांनी पुढं दुसरा तुकडा पण बांधून दिला. प्रत्येक मंडळात असे बडे असतात ज्यांना सल्ला द्यायला आवडतं, त्यांच्या मागं लागून तुमची ताकद घालवू नका. आणि बघा, सोळाव्या ओळीत नहेम्या हे नाव येतं, पण तो अजबूकाचा मुलगा, वेगळाच माणूस. ज्यानं सगळं घडवून आणलं त्याचं नाव बांधणाऱ्यांच्या यादीत नाहीच.

सगळं अंगावर घेऊ नका

इस्राएली लोकांचा पुढारी मोशे सकाळपासनं संध्याकाळपर्यंत एकटा बसून लोकांचे वाद मिटवायचा. त्याचा सासरा इथ्रो भेटायला आला आणि एक दिवस बघून म्हणाला, हे तू करतोस ते बरं नाही, तू पण थकशील आणि हे लोक पण. निर्गमच्या अठराव्या अध्यायात आहे. जावयाला एवढं तोंडावर सांगणारा सासरा आणि ते ऐकणारा जावई, दोघंही दुर्मिळ. त्यानं उपाय पण दिला, हजारावर, शंभरावर, पन्नासावर, दहावर माणसं नेम, बारीक वाद त्यांनी मिटवायचे, अवघड तेवढे तुझ्याकडं. माणसं कशी पाहिजेत तर लायक, देवाला भिणारी, खरी, आणि लाच न आवडणारी. वक्तृत्वाचा उल्लेख नाही.

करायचं असं: आठवडाभर तुम्हाला कुणाकुणाचे फोन आले ते लिहून काढा. त्यातले निम्म्याहून जास्त फोन हॉलची किल्ली कुठाय, टाकी भरली का, शनिवारी बुकिंग आहे का असले निघतील. ते सगळे एका माणसाला देऊन टाका, आणि देताना निर्णय घ्यायचा हक्क पण द्या, नाहीतर तो प्रत्येक वेळी तुम्हालाच विचारायला येणार आणि काम दुप्पट होणार. किती रुपयांपर्यंत न विचारता खर्च करायचा हा आकडा ठरवून सांगा.

कुणाला नेमायचं यावर प्रेषितांच्या कृत्यांमधला सहावा अध्याय वाचाच. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वगळल्या जात होत्या आणि कुरकूर सुरू झाली. बारा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या मुख्य शिष्यांनी, काय केलं, कुरकूर करणाऱ्यांना विश्वास कमी आहे म्हणून गप्प बसवलं नाही. लोकांना म्हणाले तुमच्यातले सात जण तुम्हीच निवडा. आणि जी सात नावं आली, स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव, ती सगळी ग्रीक नावं आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हातात वाटप दिलं.

हे आपल्याला पुराच्या वेळी लागतं. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी चढलं तेव्हा शिरोळ तालुका काय, प्रयाग चिखली, आंबेवाडी काय, सगळीकडं मदत जात होती, आणि मदत वाटणाऱ्या कुणालाही विचारा, गाडी जिथं थांबते तिथल्या लोकांना दोनदा मिळतं आणि आतल्या गल्लीतली म्हातारी, भाड्यानं राहणारे, रेशनकार्डावर नाव नसलेले राहून जातात. त्यामुळं यादी करताना आधी विचारा की या यादीत कोण नसणार आहे. मग त्या लोकांपैकीच एकाला यादी करायला बसवा.

पैशाचं

मंडळं पैशावर मोडतात, आणि चोरीपेक्षा संशयावर जास्त मोडतात. प्रेषित पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी ठिकठिकाणच्या मंडळ्यांकडनं वर्गणी गोळा करत होता, मोठी रक्कम होती. तो एकटा घेऊन गेला नाही. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात लिहितो की तीत या माझ्या सोबत्याबरोबर अजून एक भाऊ पाठवतोय, ज्याला मंडळ्यांनीच निवडलाय, म्हणजे या रकमेवरनं आम्हाला कुणी नाव ठेवू नये, कारण देवासमोरच नाही तर माणसांसमोर पण आमचं वागणं चांगलं दिसलं पाहिजे. "देव बघतोय, हिशोब कशाला" म्हणणाऱ्या प्रत्येक खजिनदाराला ही ओळ दाखवा, पौलापेक्षा मोठा विश्वास त्याचा नसणार.

अध्यक्षाच्या स्वतःच्या मोबाईलचा क्यूआर कोड वर्गणीला वापरायचा नाही, कितीही सोयीचा असला तरी. संस्थेचं खातं, दोन सह्या, आणि दोन सह्या एकाच घरातल्या नकोत. दानपेटी उघडताना तीन माणसं, मोजलेला आकडा तिथंच वहीत आणि तिघांच्या सह्या. पावती पुस्तकांचे नंबर नोंदवून द्या आणि अर्धवट पुस्तकं पण परत घ्या. महिन्याचा जमाखर्च एका पानात बोर्डावर. आणि करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल म्हणतो की दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी ऐपतीप्रमाणं बाजूला काढून ठेवा, मी आल्यावर गोळा करत बसायला नको, तर तुम्ही पण ऐन वेळी पाच हजार मागण्यापेक्षा वर्षभर महिन्याला थोडं थोडं घ्या, रोजंदारीवरच्या माणसाला तेच जमतं.

नहेम्याचा पाचवा अध्याय याहून कडक आहे. भिंत चालू असताना गरीब लोक ओरडायला लागले की शेतं गहाण पडली, पोरं गुलामीत द्यावी लागतायत, आणि सावकार आपलेच भाऊबंद. त्यानं काम थांबवून सगळ्या बड्या लोकांना सभेत उभं केलं, शेतं आणि व्याज परत द्यायला लावलं, त्यांच्याकडनं शपथ घेतली. स्वतः बारा वर्षं सुभेदार होता पण सुभेदाराचा भत्ता घेतला नाही, आधीचे सुभेदार चाळीस शेकेल चांदी पण घ्यायचे. आणि याच्या पंगतीला रोज दीडशे माणूस. आता प्रत्येकाला फुकट काम परवडतं असं नाही, प्रवासखर्च घ्यायला हरकत नाही, पण तो ठराव करून घ्या. आणि पदाच्या जोरावर मेव्हण्याला रंगकामाचं कंत्राट देऊ नका, तो खरंच स्वस्त असला तरी.

निम्म्यावर आल्यावर

भिंत निम्म्या उंचीची झाली, लोकांचं मन कामात होतं असं लिहिलंय, आणि लगेच चार ओळींनी तेच लोक म्हणतात की ओझी वाहणारे थकले, ढिगारा संपतच नाही, आपल्याच्यानं होणार नाही. प्रत्येक कामात हे येतं, सुरुवातीचा जोर संपलेला असतो आणि शेवट दिसत नसतो. त्यात भिंत नको असलेले आजूबाजूचे शत्रू चाल करून यायच्या बेतात होते. नहेम्यानं काय केलं, तर प्रार्थना केली आणि पहारा पण ठेवला, दोन्ही एकाच ओळीत आहे. जिथं भिंत ठेंगणी होती तिथं कुटुंबं कुटुंबं करून उभी केली. निम्मे कामावर, निम्मे भाले घेऊन, रणशिंगवाला स्वतःजवळ, आणि सूचना एकच, शिंग वाजलं की तिथं जमा.

आपल्याकडं भाले नकोत. पण निम्म्यावर आलं की राडारोडा आधी काढून टाका, खरंच, डोळ्यासमोरचा कचरा गेला की माणसाला काम झाल्यासारखं वाटतं. एखादी खोली पूर्ण संपवून वापरायला द्या. एक दिवस सगळ्यांनी एकाच तुकड्यावर या. आणि सूचनांसाठी एकच वॉट्सॲप ग्रुप ठेवा ज्यात फक्त ॲडमिन लिहू शकतो, गुड मॉर्निंगला दुसरा.

टोमणे पण याच वेळी येतात. त्या शत्रूंपैकी तोबीया म्हणाला होता, कोल्हा चढला तरी यांची भिंत पडेल. नहेम्यानं त्याला उत्तर दिलं नाही. मग त्याच्याच गटातल्या सनबल्लट आणि गेशेमनं भेटायला बोलावलं, ओनोच्या मैदानात, चार वेळा, आणि चारही वेळा निरोप एकच, मी मोठ्या कामात आहे, खाली येता येत नाही. पाचव्यांदा उघडं पत्र आलं, म्हणजे आजच्या भाषेत ग्रुपवर टाकलेली पोस्ट, की तुला राजा व्हायचंय म्हणून हे चाललंय. त्यावर दोन वाक्यं, असं काही नाही, हे तू मनानं रचलंस. संपलं. तुम्ही पण आरोप खोटा असेल तर एकदाच, थोडक्यात, लेखी उत्तर द्या आणि कामाला लागा. शेवटी अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी भिंत झाली, बावन्न दिवसांत.

भांडणाला क्रम आहे

मत्तयचा अठरावा अध्याय. कुणी तुमचं चुकीचं केलं तर आधी एकट्यानं जाऊन त्याला सांगा. नाही ऐकलं तर एक-दोन जण बरोबर न्या. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगा. आपण तिसऱ्या पायरीपासनं सुरू करतो, ग्रुपवर. मेसेज टाईप करून झाला असेल तर तो खोडा आणि त्या माणसाला चहाला बोलवा, रंकाळ्यावर एक फेरी मारा, चालताना माणूस कमी भांडतो. बरोबर नेताना स्वतःच्या बाजूचा माणूस नेऊ नका, दोघांना मान्य असलेला न्या.

सल्ला कुणाचा घ्यायचा

शलमोन राजाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोक शखेमला येऊन म्हणाले, तुझ्या बापानं ओझं जड केलं, ते हलकं कर. त्यानं तीन दिवस मागितले, जुन्या जाणत्यांना विचारलं, ते म्हणाले आज तू यांची सेवा केलीस तर हे कायम तुझे राहतील. मग बरोबर वाढलेल्या दोस्तांना विचारलं, ते म्हणाले सांग त्यांना, माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे. त्यानं दोस्तांचं ऐकलं आणि इस्राएलच्या बारा वंशांपैकी दहा वंश फुटून गेले. वर समजूत काढायला पाठवला कोण, तर वेठबिगारीचाच मुकादम. लोकांनी त्याला दगडांनी मारलं.

म्हणजे नुसती मीटिंग घेतली म्हणून सल्ला घेतला असं होत नाही. उद्यमनगरात नाहीतर शिरोली एमआयडीसीत सुपरवायझर असाल आणि शिफ्ट बदलायची असेल, तर ज्याला रात्री बस मिळणार नाही त्याला आधी विचारा. आणि नाराज लोकांकडं ज्याच्यावर ते नाराज आहेत त्यालाच पाठवू नका.

डिजिटल बोर्ड आणि खुर्च्या

याकोब आणि योहान हे दोन शिष्य येशूला म्हणाले, तुझ्या उजव्या आणि डाव्या बाजूला आम्हाला बसव. बाकीचे दहा चिडले, मला वाटतं आपण आधी का मागितलं नाही म्हणून. येशू म्हणाला, परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता चालवतात, तुमच्यात तसं नको, ज्याला मोठं व्हायचंय त्यानं सेवक व्हावं. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री स्वतः कमरेला टॉवेल बांधून शिष्यांचे पाय धुतले.

आपल्याकडं हा वाद बोर्डवर कुणाचा फोटो केवढा यावर होतो. सरळ ठराव करा, हॉलच्या उद्घाटनाच्या बोर्डवर फोटो नाही, ज्यांनी काम केलं त्यांची नावं, तिसऱ्या अध्यायासारखी, तुकड्यासकट. आणि कार्यक्रम झाल्यावर खुर्च्या उचलायला थांबा. त्याचा फोटो काढू नका.

जाताना

भिंत झाल्यावर नहेम्यानं शहराचा कारभार हनानी आणि हनन्याच्या हातात दिला, हनन्याबद्दल लिहिलंय की तो पुष्कळांपेक्षा विश्वासू आणि देवभीरू होता. पण पुस्तक तिथं संपत नाही. तो राजाकडं परत गेला, आणि काही काळानं पुन्हा आला तर याजक एल्याशीबानं मंदिराच्या आवारात एक मोठी खोली कुणाला दिलेली, तोबीयाला! तोच, कोल्हावाला. नहेम्यानं त्याचं सामान उचलून बाहेर फेकलं. पुढं काही लोकांना मारलं, केस पण उपटले. हा भाग पाठ करण्यासारखा नाही, आणि आता त्याचा व्हिडिओ निघतो.

तेव्हा मुदत संपायच्या सहा महिने आधी पुढच्या माणसाला बरोबर घेऊन फिरा, जसं मोशेनं सगळ्या लोकांसमोर यहोशवावर हात ठेवून अधिकार दिला तसं लोकांसमोर त्याचं नाव घ्या. हॉलच्या किती किल्ल्या आहेत आणि कुणाकडं आहेत ते लिहून द्या. लाइट बिलाचा ग्राहक क्रमांक, पासबुक, ठरावांची वही, गवंड्याचा आणि प्लंबरचा नंबर, ग्रुपचं ॲडमिनपद, सगळं एकाच दिवशी. बँकेतल्या सह्या त्याच आठवड्यात बदला, ते राहिलं तर वर्षभर चेकवर सही करायला तुम्हालाच बोलावतील. आणि कुठली खोली कुणाला द्यायची नाही याचा ठराव जायच्या आधी करून ठेवा.